पिकलेला उतार

थोरली लग्न होऊन या उतारावर आली तेव्हा कॉफी म्हणजे डब्यात मिळणारी भुकटी, एवढंच तिला ठाऊक होतं. सासऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी तिला झाडं दाखवायला नेलं. लालचुटूक फळांनी लगडलेली एक फांदी वाकवून तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "घे, कॉफी." तिला वाटलं, म्हातारा नव्या सुनेची फिरकी घेतोय. तिनं एक फळ तोंडात टाकलं, सालीखालचा पातळसा गोड गर चोखला आणि आतल्या दोन बिया थुंकून टाकल्या. सासरे पोट धरून हसले. "अगं, जे विकायचं ते थुंकलीस आणि जे फेकायचं ते गिळलंस!" पुढे वर्षानुवर्षं ही गोष्ट ते आल्यागेल्याला सांगत राहिले, आणि दर वेळी थोरली आतल्या खोलीतून ओरडायची, "बाबा, पुरे आता! लोकांना पाठ झालीय!"

खरं तर घरात धाकटी सून कधी आलीच नाही. धाकटा दीर शहरात गेला तो तिकडचाच झाला. तरी ही थोरलीच राहिली, घरातही आणि गावातही.

उताराच्या माथ्यावर ज्वालामुखी होता. गावात त्याचं नाव कुणी घेत नसे, सगळे त्याला नुसतं 'वरचा' म्हणत. त्यामुळे बाहेरून आलेल्याची पंचाईत व्हायची. यंदा पीक कसं आहे, असं विचारलं की उत्तर यायचं, "वरच्याची मर्जी." आता हा वरचा म्हणजे देव की डोंगर, हे ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. वरच्यानं कधीकाळी ओकलेल्या राखेचीच ही काळी, भुसभुशीत माती झाली होती. हात घातला तर कोपरापर्यंत आत जावा अशी. थंडी, धुकं आणि ही माती, यांच्यामुळे फळ सावकाश पिकायचं आणि बी टणक व्हायचं. वरच्याच्या तोंडातून सकाळी धुराची एक बारीक रेघ निघालेली असायची. सासरे म्हणायचे, "उठला बघ. आता तोंड धुईल."

थोरली शिकली मात्र झपाट्यानं. फळ हाताला आपण होऊन सुटलं तर घ्यायचं, ओढावं लागलं तर त्याला अजून राहू द्यायचं. तोडलेल्या फळांची साल हातयंत्रानं काढायची, मग चिकट बिया टाकीत पाण्याखाली आंबवायला ठेवायच्या. सकाळी मूठभर बिया चोळून बघायच्या. बुळबुळीत लागल्या तर थांबायचं, वाळूसारख्या करकरल्या की लगेच धुवून काढायच्या. तिथं आळस केला तर कॉफीला आंबूस दर्प येतो, आणि तो मग कशानंही जात नाही. धुतल्यावर उंच बांधलेल्या जाळ्यांवर वाळवण. हे वाळवण थोरलीचं राज्य होतं. नवरा चुकून जाळीवर कोपर टेकून उभा राहिला तर ती त्याला असा काही लूक द्यायची की बिचारा कोपर खिशात घालायची जागा शोधायचा.

पूर्वी सगळ्या घरांचा माल खालच्या शेडमध्ये एकाच ढिगात जायचा. कुणाची कॉफी कुठली, असं विचारायची पद्धतच नव्हती. मग एकदा एका खरेदीवाल्या बाईंची गाडी चिखलात रुतली आणि गाडी निघेपर्यंत त्या थोरलीच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. थोरलीनं घरापुरत्या ठेवलेल्या बिया तव्यावर भाजल्या, कुटल्या आणि कॉफी करून पुढे ठेवली. बाईंनी पिशवीतून स्वतःचा चमचा काढला आणि असा जोरात भुरका मारला की पाळण्यातली चिमी, थोरलीची मुलगी, दचकून रडायला लागली. बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. दुसरा भुरका, तिसरा भुरका.

"ही कॉफी कुठली?"

"मागची," थोरली म्हणाली.

"मागची म्हणजे?"

थोरलीनं खिडकीतून बोट दाखवलं. बाई चमचा हातात घेऊन तशाच उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन बराच वेळ त्या झाडांकडे बघत राहिल्या.

त्यानंतर वरच्या उताराची कॉफी कशात मिसळली नाही. तिची वेगळी पाकिटं निघाली. पाकिटावर उताराचं नाव आणि चवीचं वर्णन असायचं: संत्र्याची साल, मध आणि ओला दगड. सासरे थक्क झाले. "दगड लागतो म्हणाली, आणि तरी घेऊन गेली!" बाईंना गावात भुरकेबाई हे नाव कायमचं पडलं. त्यांना ते कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की पुढे फोनवरही "भुरकेबाई बोलतेय" असंच म्हणायला लागल्या. शेजारपाजारची घरंही त्यांना माल देऊ लागली. लांबच्या कुठल्या कुठल्या शहरांत माणसं खुर्चीत बसून ओला दगड पितात, हे ऐकून थोरलीला हसू यायचं आणि थोडं भारीही वाटायचं. तोडणीच्या दिवसांत बिया उलटताना ती मधेच एखादी नाकाशी धरायची. तिला त्यात दगड कधी सापडला नाही. पण भुरकेबाई म्हणतात म्हणजे असेल.

असं बरीच वर्षं चाललं. चिमी मोठी होऊन खालच्या गावातल्या शाळेत जायला लागली. सासरे झाडांमधून हिंडताना काठी टेकायला लागले. आणि मग एका वर्षी, फळं हिरव्याची पिवळी होत असताना, वरच्याची कुरबुर सुरू झाली.

आधी कपाटातल्या कपबश्या किणकिणल्या. मग विहिरीचं पाणी कोमट लागायला लागलं. धुराची रेघ जाऊन तिथं मळकट झुबका दिसायला लागला. वेधशाळेतून एक तरुण अधिकारी यायचा. डोंगराची कंपनं मोजणारी एक पेटी त्यानं थोरलीच्या जमिनीच्या वरच्या टोकाला बसवली होती. डोंगराचं माप घेतो म्हणून गावानं त्याला मापाडी केलं होतं. आता तो आठवड्यातून दोनदा यायला लागला. कॉफी घ्यायचा, पण गप्पा कमी झाल्या होत्या.

"काय म्हणतोय वरचा?" सासऱ्यांनी विचारलं.

"आजोबा, तो काही म्हणत असता तर बरं झालं असतं," मापाडी म्हणाला. "नुसता कण्हतोय. दुखतंय कुठं ते सांगत नाहीये."

हुकूम आला तो ऐन तोडणीत. सकाळची वेळ होती, धुकं नुकतंच उठलं होतं. थोरली कमरेला टोपली बांधून मधल्या रांगेत होती. फळं अशी पिकली होती की हात लावला की टोपलीत. सासरे पाटावर बसून खालच्या फांद्या बघत होते. तेवढ्यात रस्त्यावरून भोंगा लावलेली गाडी आली. सगळ्यांनी घरं सोडून खाली जायचं, आत्ता, आहे तसं. मागून ट्रक येत आहेत.

नवरा धावत आला. "चल. कागद आणि बाबांची औषधं घेतलीत मी."

"टाकी भरलेली आहे," थोरली म्हणाली.

"काय?"

"कालच्या बिया टाकीत आहेत. तासाभरात चिकटा उतरेल. धुवून घेते आणि येते."

"अगं, डोंगर फुटायला आलाय!"

"तो फुटेल तेव्हा फुटेल. बिया आत्ता आंबतायत."

नवऱ्यानं तिच्या कमरेची टोपली सोडली आणि तिला दंडाला धरून ट्रककडे नेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यानं असं धरून कधी नेलं नव्हतं. ट्रकमध्ये शेजारीण रडत होती, कुणी कोंबड्या मोजत होतं, सासरे काठीवर हनुवटी टेकून बसले होते. थोरलीच्या डोक्यात एकच चाललं होतं. आता करकरायला लागल्या असतील. आता काढायला हव्यात. आता उशीर होतोय. आता झाला.

खालच्या गावातल्या शाळेत त्यांची सोय झाली. चिमीचीच शाळा. एका वर्गात पाच-सहा बिऱ्हाडं, मधे बाकांच्या भिंती. थोरलीच्या वाट्याला फळ्याखालचा कोपरा आला. मुख्याध्यापकांनी बजावून ठेवलं होतं की फळ्यावरचं काही पुसू नका, त्यामुळे अपूर्णांकांच्या बेरजांखाली हे कुटुंब झोपायचं आणि उठायचं. सासऱ्यांना खिडकीजवळचा बाक मिळाला. तिथून उतार दिसायचा. आकाश निरभ्र असलं की तो इतका स्वच्छ दिसायचा की वाटावं, चालत निघालं तर जेवायच्या वेळेला पोचू.

सगळ्यांची समजूत होती की वरचा दोन-चार दिवसांत काय ते करून मोकळा होईल. फुटेल, किंवा शांत होईल. तो दोन्हींतलं काहीच करेना. मधूनच राख उडवायचा. ती एवढी बारीक की बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर हात फिरवला तरच कळायचं. मग आठवडाभर गप्प. फळं मात्र कुणाच्या हुकमासाठी थांबणारी नव्हती.

मापाड्यानं शाळेच्या मैदानात तिकाटण्यावर मोठी दुर्बीण लावली होती, वरच्याच्या तोंडाकडे रोखून. एकदा शेजारणीनं भीतभीत विचारलं, जरा बघू का. त्यानं बघू दिलं. तिनं डोळा लावला आणि हळूच नळी खाली, स्वतःच्या झाडांवर वळवली. झालं. दुसऱ्या दिवसापासून दुर्बिणीपुढे रांग लागायला लागली. डोंगराचं तोंड बघण्यात कुणालाच रस नव्हता.

"माझी ओढ्याकडची रांग बघ ना. लाल आहे का अजून?"

"तुझ्या रांगेत डुक्कर शिरलंय वाटतं."

"डुक्कर नाही, ती माझी मोरी शेळी आहे!"

हसायचे सगळे. मापाडीही हसायचा. रांग संपली की नळी मुकाट्यानं पुन्हा वर करायचा. थोरलीनं पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा तिनं नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. सगळी झाडं एकदम पिकली होती. इतका लाल उतार तिनं आयुष्यात पाहिला नव्हता, कारण दर वर्षी पिकेल तसं ते तोडत जात. न तोडता सोडलेला उतार कसा दिसतो, हे बघायची वेळ कधी आलीच नव्हती.

"कसं आहे?" मागून सासऱ्यांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांना दुर्बिणीतूनही धड दिसत नव्हतं.

"लाल आहे, बाबा."

"किती?"

"सगळंच."

सासरे वळले. काठी टेकत बाकाकडे गेले.

रस्त्यावर जिथून चढ लागतो तिथं आडवा बांबू टाकून नाका बसवला होता. थोरली रोज सकाळी तिथं जायची. नाक्यावरचा हवालदार शांत माणूस होता. पहिल्या दिवशी त्यानं नियम सांगितला, दुसऱ्या दिवशीही सांगितला, मग ती आली की तो नुसता तिला बसायला खुर्ची द्यायला लागला.

"मी फक्त खालच्या दोन रांगा तोडून येते. वर जाणारच नाही."

"ताई, मला तरी वर सोडतात का? माझा हुद्दा या बांबूपर्यंत."

"मग परवानगी कोण देतं?"

"मोठे साहेब."

"त्यांना कोण सांगतं?"

"तुमचा तो मापाडी."

ती मापाड्याकडे गेली. तो रात्री झोपत नसावा, डोळे सुजले होते. तिनं विचारलं आणि त्यानं सगळं सरळ सांगितलं. पोटात दाब वाढतोय. फुटला तर धगधगता लोट मिनिटांत उतारावर येईल. आणि कदाचित काहीच होणार नाही. "मी उद्या जा म्हणालो, आणि उद्याच फुटला तर? आणि नका जाऊ म्हणालो, आणि नाही फुटला, तर तुमचं वर्ष गेलं. थोरलीताई, तुम्हीच सांगा, मी काय म्हणू?"

ती त्याच्याशी भांडायच्या तयारीनं आली होती. पण भांडणार कुणाशी? मुलगा खोटं बोलत नव्हता. ती म्हणाली, "जेवलास का?" तो नाही म्हणाला. मग ती वर्गात जाऊन त्याच्यासाठी ताट घेऊन आली.

नवरा हातावर हात ठेवून बसणाऱ्यातला नव्हता. त्यानं बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात काम धरलं. सकाळी निळा शर्ट घालून जायचा, संध्याकाळी कोरडाठाक परत यायचा. चिमीची तर चंगळच होती. आधी तासभर चालत यायची त्या शाळेत आता ती राहतच होती. मैत्रिणी, गाण्याची स्पर्धा, वाचनालय. एकदा ती सहज म्हणाली, "आई, आपण इथंच राहिलो तर?" थोरलीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

बऱ्याच दिवसांनी साहेबांनी थोडी सूट दिली. प्रत्येक घरातल्या एका माणसानं दुपारपर्यंत वर जाऊन यायचं, जनावरं आणि गरजेच्या वस्तू आणायच्या. म्हाताऱ्यांना बंदी. सासऱ्यांनी हवालदारापुढे हात जोडले, आयुष्यात पहिल्यांदा. हवालदाराला ते बघवेना, त्यानं टोपी काढून हातात धरली, पण बांबू काही उचलला नाही. नवऱ्याला कारखान्यातून सुटी नव्हती. थोरली गेली.

"काय आणू, बाबा?"

"काही नको. बघून ये फक्त."

घर जागच्या जागी होतं, करड्या साईखाली ठेवल्यासारखं. टाकीच्या जवळ जाववत नव्हतं. बियांचा काळा लगदा झाला होता. जाळ्यांवरचं वाळवण बुरशीनं पांढरं पडलं होतं. ती तिथं थांबली नाही, झाडांकडे गेली. खालच्या बऱ्याच फांद्यांवर फळं सुकून काळी पडली होती, जमिनीवर सडा पडला होता. पण वरच्या सावलीच्या अंगाला थंडी जास्त, तिथल्या एका पट्ट्यात फळं अजून लाल होती. घट्ट, भरलेली, राखेनं मळलेली.

ती घरातून कपडे, भांडी, चिमीचा स्वेटर घेणार होती. यातलं तिनं काहीच घेतलं नाही. टोपली बांधली आणि तोडायला लागली. पायाखाली जमीन मधूनच गुरगुरत होती. ती तोडत राहिली. परत फिरायची शिट्टी वाजली तेव्हा टोपली काठोकाठ भरली होती आणि पोत्यातही बरीच फळं होती. ती चढावरून जवळजवळ पळतच उतरली. मनात सगळं ठरलं होतं: शाळेच्या नळाखाली धुवायची, साल हातानं काढायची, बादलीत आंबवायची, वर्गाच्या खिडकीत वाळवायची. भुरकेबाईंना थोडी तरी पाठवायची. यंदाची म्हणून.

नाक्यावर हवालदाराबरोबर आज आरोग्य खात्याचा एक माणूस होता, तोंडाला फडकं, हातात मोजे.

"बाई, हे काय?"

"कॉफी."

"राखेतलं खाण्यापिण्याचं काही खाली न्यायचं नाही. गंधक आहे, आणखी काय काय आहे. त्या खड्ड्यात टाका."

"धुवून घेईन. साल तर काढूनच टाकतात. आतली बी..."

"बाई, मागे रांग आहे."

मागे खरंच रांग होती. शेळ्या घेतलेले, गाद्या घेतलेले शेजारी उन्हात उभे होते. थोरलीनं हवालदाराकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मग तिनं टोपली सोडली आणि खड्ड्यात उपडी केली. पोतंही केलं. फळं गडगडत गेली. खड्ड्यात कुणाचा भोपळा, कुणाची केळी पडली होती, त्यांच्यावर ती लाल फळं पसरली.

ती बांबूखालून वाकून पलीकडे गेली तेव्हा हवालदार तिच्यामागे दोन पावलं आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, खिसे कुणी तपासत नाही."

थोरलीनं खिशांना हात लावला. रिकामे होते. खिशात टाकावं हे तिला सुचलंच नव्हतं. ती मागे वळली, पण खड्डा आता बांबूच्या पलीकडे राहिला होता.

शाळेत सासरे वाट बघत होते.

"कशी आहेत?"

"बरी आहेत. वरच्या अंगाला लाल आहेत अजून."

सासऱ्यांनी तिचा हात हातात घेतला. बोटं चिकट होती, नखांत रस वाळला होता.

"तोडलीस?"

"हो."

"मग कुठंय?"

तिनं मोकळा हात कपड्यांना पुसला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फक्त तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

भुरकेबाई भेटायला आल्या त्या त्यानंतर. आल्या आल्या थोरलीच्या गळ्यात पडल्या. बरोबर गेल्या वर्षीचं शेवटचं पाकीट आणलं होतं. थोरलीनं पाकीट पहिल्यांदाच हातात धरून पाहिलं. उताराचं चित्र चांगलं काढलं होतं, फक्त डोंगर फारच देखणा दाखवला होता. शाळेच्या स्वयंपाकघरात पाणी उकळून तिनं सगळ्यांना कॉफी दिली. सासऱ्यांनी एक घोट घेतला.

"शिळी झालीय," ते म्हणाले.

"आजोबा, भाजून फार दिवस झाले तिला," भुरकेबाई ओशाळून म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी भुरका मारला नाही, साध्या माणसासारखी कॉफी प्यायल्या. जाताना थोरलीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दुकानं थांबत नाहीत गं. यंदा दुसऱ्या डोंगरावरचा माल घ्यावा लागतोय मला. पुढच्या वर्षी तुमचा असेल ना?"

"असेल," थोरली म्हणाली. कशाच्या जोरावर म्हणाली, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

वरचा फुटला नाही. फळांचा हंगाम पार उलटून गेल्यावर हळूहळू त्याची कंपनं थांबली, झुबक्याची पुन्हा रेघ झाली, आणि एका सकाळी हवालदारानं बांबू उचलून रस्त्याच्या कडेला ठेवला. काही जळलं नव्हतं, कुणी मेलं नव्हतं. साहेबांनी भाषण केलं की आपण सगळे सुदैवी आहोत. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. थोरलीनंही वाजवल्या.

त्या दुपारी ती सामान बांधायला लागली तर नवरा दारातच उभा राहिला.

"मी नाही येत."

"म्हणजे?"

"म्हणजे कारखान्यात कायम करतायत मला. चिमीचं पुढचं वर्ष महत्त्वाचं आहे. खोली बघून ठेवलीय. दोन खिडक्या आहेत." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "तो पुन्हा कण्हायला लागला तर? पुन्हा फळ्याखाली झोपायचं? एका टाकीपायी तू जीव देणार होतीस त्या दिवशी. मी अजून विसरलो नाही."

थोरलीला खात्री होती की सासरे तिच्या बाजूनं उभे राहतील. ज्या माणसानं त्या उतारावरचं प्रत्येक झाड रोपापासून वाढवलं, तो काय खाली राहणार? ती त्यांच्या बाकापाशी गेली. "बाबा, तुम्ही सांगा यांना."

सासरे खिडकीकडे पाठ करून बसले होते. ते हल्ली तसेच बसायचे, तिच्या आता लक्षात आलं.

"मलाही नको, थोरले," ते म्हणाले. "लहानाची मोठी केली मी ती झाडं. काळी पडलेली नाही बघायची मला. इथं बरं आहे. चिमी वाचून दाखवते, वेळ जातो."

"मग त्यांचं काय करायचं?"

"तुला काय करायचं ते तू कर. तुला अडवत नाही."

तिला वाटलं, अडवलं असतं तर बरं झालं असतं. चिडता तरी आलं असतं.

ती एकटीच वर गेली. गेल्यावर कळलं की काम किती आहे. झाडांवर राहिलेली काळी फळं नुसती काळी नव्हती, त्यांत बारीक भुंगा शिरला होता. प्रत्येक फळाला सुईच्या टोकाएवढं भोक. ती सगळी ओरबाडून जाळली नाहीत तर पुढच्या फळात तोच भुंगा. मग ती रोज सकाळपासून झाडाखाली उभी राहायची, काळी फळं पोत्यात, पोतं आगीत. सुटीच्या दिवशी नवरा पहिल्या गाडीनं यायचा आणि तिच्याबरोबर काम करायचा. रागावलेला नसायचा. डबा आणायचा, तिच्या पाठीला तेल चोळून द्यायचा, सासऱ्यांचा खोकला, चिमीचे गुण सांगायचा. दुपार कलली की तोच म्हणायचा, "चल की. दोन खिडक्या आहेत." ती म्हणायची, "रांग पुरी होऊ दे." मग तो वाट बघून, शर्ट बदलून गाडीला जायचा. दोघांचंही खरं होतं, आणि कुणाचं काही चालत नव्हतं.

मापाडी पेटीची बॅटरी बदलायला आला तेव्हा तिनं विचारलं, "यंदा?"

त्यानं मान हलवली. "सांगता येत नाही, ताई."

"बरं."

फुलं आली, पण विरळ. दर वर्षी बर्फ पडल्यासारखा पांढरा होणारा उतार यंदा ठिगळं लावल्यासारखा दिसला. तरी आली. थोरलीनं जवळजवळ सगळी झाडं निपटून काढली होती. शेवटची रांग कुंपणाला लागून होती. ती संपली त्या दुपारी ती कुंपणाच्या खांबाला टेकून पाणी प्यायली आणि सहज पलीकडे पाहिलं.

पलीकडे शेजारणीची जमीन. शेजारीण खालीच राहिली होती, तिचा मुलगा म्हणत होता विकून टाकू. तिच्या झाडांवर काळी फळं तशीच लटकत होती, फांदीन् फांदी. थोरलीनं तारेतून हात घालून एक फळ तोडलं. भोक होतं. त्याच्या पलीकडच्या जमिनीतही कुणी परतलं नव्हतं, आणि त्याच्याही पलीकडे. वरचा सगळा उतार तसाच होता. भुंग्याला कुंपण कळत नाही. फळ धरायला लागलं की तो इकडे येणार.

तिनं शेजारणीला फोन लावला. शेजारीण बाजारात होती, मागे गोंगाट होता.

"तुझ्या झाडांवरची काळी फळं काढायला हवीत गं. माझ्याकडे येतील सगळे भुंगे."

"अगं, येणार कोण? पोरगा ऐकतो का माझं?" शेजारणीचा आवाज बारीक झाला. "तू काढलीस तर बघ. मी नाही म्हणणार नाही."

थोरलीनं फोन ठेवला. तिची कंबर ताठ झाली होती, बोटं सोलवटली होती. पलीकडे एकट्या माणसानं संपवायचं काम नव्हतं ते, हे तिला दिसत होतं. फळ धरायच्या आत एक जमीनही पुरी झाली नसती. ती रिकामं पोतं घेऊन आली. मग तार वर धरून वाकली, पलीकडे गेली, पहिल्या झाडाच्या फांदीला हात घातला आणि उजेड होता तोवर दोन झाडं निपटली.